पांढरीतले पाहुणे

१९५४ साली ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरची त्या वर्षीची व्यक्ती म्हणून कुणाची निवड झाली असेल? एखादा नट, एखादी गायिका, गेला बाजार एखादा क्रिकेटपटू, असंच कुणालाही वाटेल. पण तो मान मिळाला साठी ओलांडलेल्या, भरघोस मिशांच्या एका पुरातत्त्वज्ञाला. सर मॉर्टिमर व्हीलर हे त्यांचं नाव. आयुष्यभर माती उकरणारा हा माणूस त्या वर्षी घराघरांत पोहोचला होता.

बीबीसीवर १९५२ पासून एक कार्यक्रम लागत असे. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘प्राणी, वनस्पती की खनिज?’ एखाद्या वस्तुसंग्रहालयातून एखादी चमत्कारिक वस्तू यायची, तीन जाणकारांपुढे ठेवली जायची आणि त्यांनी ती ओळखायची. एवढाच खेळ. व्हीलरसाहेब ती वस्तू हातात घ्यायचे, उलटीसुलटी करायचे, मिशीवर हात फिरवायचे आणि मग बोलायला लागायचे. प्रेक्षकांना जणू भूतकाळ समोर बसून बोलतोय असं वाटायचं.

हेच व्हीलरसाहेब त्याआधी, १९४४ ते १९४८ या काळात, आपल्या देशात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. थरामागून थर कसा उकलायचा, चौकोन आखून मध्ये बांध राखून कसं खणायचं, हे त्यांनी तक्षशिलेला इथल्या तरुणांना उन्हात उभं राहून शिकवलं. म्हणजे दूरचित्रवाणीवर दिसण्याआधी या माणसाच्या अंगाला आपल्या मातीची धूळ लागलेली होती. आज मला बोलायचं आहे ते याच दोन गोष्टींबद्दल. एक, टीव्हीच्या पडद्यावर चालणारं उत्खनन. आणि दुसरी, आपापल्या गावच्या मातीत सापडणारे रोमन लोकांचे अवशेष. व्हीलर या एकाच माणसाच्या आयुष्यात या दोन्ही वाटा एकत्र येतात.

आधी ब्रिटनकडे पाहू. इसवी सन ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा त्या बेटावर उतरल्या आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रोमची सत्ता तिथे राहिली. साडेतीनशे वर्षांहून जास्त. एवढ्या काळात त्यांनी रस्ते केले, किल्ले बांधले, स्नानगृहं बांधली, शेतमळ्यांत मोठमोठे वाडे उभे केले आणि त्या वाड्यांच्या जमिनी रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनी मढवल्या. सत्ता गेली, छपरं कोसळली, माती चढली, वर गवत उगवलं. आता तिथला शेतकरी नांगर घालतो तेव्हा कधी लाल खापर वर येतं, कधी नाणं. १९६० साली इंग्लंडच्या दक्षिणेला फिशबोर्न या गावी पाण्याची मोठी नळी टाकण्यासाठी चर खणला जात होता. मजुरांच्या कुदळी जुन्या बांधकामाला लागल्या आणि तिथून पुढे निघाला तो एक अख्खा रोमन राजवाडा. आज त्याच्या जमिनीवरची नक्षी बघायला लोक तिकीट काढून जातात.

असं जमिनीखाली काहीबाही दडलेल्या देशात १९९४ साली चॅनल फोर या वाहिनीवर ‘टाइम टीम’ नावाची मालिका सुरू झाली. ती जवळजवळ वीस वर्षं चालली, दोनशेहून जास्त भाग झाले. कल्पना साधी होती. कुठल्यातरी गावातून निरोप यायचा की आमच्या परसात, आमच्या शेतात काहीतरी आहे. मग ही मंडळी तिथे जायची. हाताशी फक्त तीन दिवस. सूत्रधार टोनी रॉबिन्सन हा मूळचा विनोदी नट. तो सामान्य माणसाच्या वतीने प्रश्न विचारायचा. मिक अ‍ॅस्टन हे प्राध्यापक, त्यांचे केस विस्कटलेले आणि अंगात रंगीबेरंगी पट्ट्यांचा स्वेटर. फिल हार्डिंग डोक्यावरची जुनी टोपी न काढता खड्ड्यात उतरायचे. कुणी यंत्र घेऊन जमिनीवरून चालत जायचं आणि न खणताच आतल्या भिंतींचा नकाशा काढायचं. एक चित्रकार बाजूला बसून, हे घर उभं असताना कसं दिसत असेल, ते कागदावर उतरवायचा. ही मालिका २०१४ पर्यंत पुरती संपली होती. पण प्रेक्षकांनी वर्गणी काढून ती पुन्हा उभी केली आणि २०२२ पासून तिचे नवे भाग इंटरनेटवर येऊ लागले. वर्गणी काढून आपल्याकडे गणपती बसतो, उरूस भरतो. तिकडे उत्खनन होतं, याची मला मोठी गंमत वाटली.

मी कवी माणूस. बी.ए.ला इतिहास होता, तेवढीच माझी पुंजी. हे भाग मी जुने-नवे असे पुष्कळ पाहिले. मला त्यात सर्वांत काय आवडलं म्हणाल, तर खजिना सापडला की होणारा जल्लोष नव्हे. बऱ्याचदा तिथे काही सापडतच नाही. पाऊस पडतो, चर पाण्याने भरतो, भिंत समजून ज्याच्यामागे लागले ती अलीकडची गटाराची नळी निघते. आणि तरीही शेवटी मंडळी समाधानाने सांगतात की, इथे काही नव्हतं हे आता कळलं. ‘इथे काही नव्हतं’ ही सुद्धा माहिती असते, हे सामान्य माणसाला पटवून देणं सोपं नाही. त्या मालिकेने ते केलं. बोटाच्या पेराएवढं खापर हातात धरून एखादा पोक्त माणूस लहान मुलासारखा हरखतो, तेव्हा बघणाऱ्यालाही कळतं की किंमत सोन्याची नाही, ठिकाणाची आहे.

हे ‘ठिकाण’ म्हणजे काय, ते जरा उलगडून सांगायला हवं. जमीन ही गोधडीसारखी असते. एकावर एक थर. खालचा थर जुना, वरचा नवा. एकाच थरात सापडलेल्या वस्तू साधारण एका काळात मातीआड झालेल्या असतात. त्यामुळे त्या थरात एखादं नाणं मिळालं, तर शेजारच्या बिननावाच्या मडक्यालाही वय मिळतं. ते नाणं कुणी परस्पर उपटून नेलं, तर नाण्याचं फारसं नुकसान होत नाही, ते कुठल्यातरी कपाटात चमकत राहतं. पण मडकं कायमचं मुकं होतं. चूलही मुकी होते, भिंतही मुकी होते. उत्खनन करणारा माणूस थापी आणि ब्रश घेऊन तासन् तास बसतो, वहीत नोंदी करतो, मोजपट्टी लावून छायाचित्र काढतो, तो याचसाठी.

टीव्हीवरच्या उत्खननाला दोषही आहेत आणि ते सांगायला हवेत. तीन दिवसांची मुदत ही कॅमेऱ्याची गरज आहे, मातीची नाही. २००३ साली ‘टाइम टीम’ने प्रेक्षकांनाच आवाहन केलं की आपापल्या अंगणात एक मीटर लांब-रुंद खड्डा खणा. देशभर शेकडो खड्डे खणले गेले. लोकांचा उत्साह दांडगा होता, पण अनेक अभ्यासक धास्तावले. खणलेला थर परत जोडता येत नाही. पुस्तकाचं पान फाडून मगच वाचायचं, असा हा प्रकार आहे. एकदाच वाचता येतं.

खुद्द व्हीलरसाहेबही गोष्ट रंगवून सांगण्यात मागे नव्हते. इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या प्राचीन तटबंदीच्या ठिकाणी त्यांनी १९३४ ते १९३७ अशी खोदाई केली. तिथे जखमा झालेले सांगाडे मिळाले. रोमन फौजेचा हल्ला, कत्तल, घाईघाईने पुरलेले वीर, असं जिवंत चित्र त्यांनी उभं केलं. वर्तमानपत्रांना ते फार आवडलं. पुढे १९८५-८६ मध्ये तिथे पुन्हा खोदाई झाली आणि त्या चित्रातल्या बऱ्याच रंगांवर अभ्यासकांनी शंका घेतली. म्हणून टीव्हीवरचं उत्खनन बघावं, पण तो शेवटचा शब्द मानू नये.

तरीही या कार्यक्रमांचं ब्रिटनमध्ये काय फळ दिसतं, ते पाहा. २०२० साली टाळेबंदीच्या काळात रटलंड भागात एका शेतकऱ्याच्या मुलाला शेतात फिरताना वेगळी वाटणारी खापरं दिसली. त्याने ती खिशात टाकली नाहीत, कळवली. लेस्टर विद्यापीठाच्या मंडळींनी खणलं, तर खाली रोमन वाड्याची जमीन आणि तिच्यावर ट्रॉयच्या युद्धातली अकिलीस आणि हेक्टर यांची चित्रं. सगळी नोंद झाल्यावर ती नक्षी जपण्यासाठी पुन्हा मातीने झाकून टाकली. ‘झाकून टाकली’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. सापडलं म्हणजे उचलायचंच, असं नसतं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तिच्यातून आपल्याला घरी यायचं आहे. नोव्हेंबर १९९२. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं गाव. तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने आपल्या एका निवृत्त मित्राला सांगितलं की, तुझ्याकडे धातू शोधायचं यंत्र आहे, जरा बघ. तो हातोडी शोधायला गेला आणि यंत्र किंचाळायला लागलं. खाली सोन्या-चांदीची नाणी. त्या माणसाने थोडं काढलं, मग हात आखडता घेतला आणि वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाची माणसं येऊन त्यांनी बाकीचं शिस्तीत काढलं. १४,८६५ नाणी, शिवाय चांदीचे चमचे, दागिने, भांडी. कोणती वस्तू कशाशेजारी, कोणत्या पेटीत ठेवली होती, हेही त्यामुळे कळलं. शोधणाऱ्याला मोठं बक्षीस मिळालं, त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. आणि ती हातोडी? तीही सापडली. आज ती ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

त्या ठेव्यात चांदीच्या चार छोट्या डब्या आहेत. एक डबी एखाद्या खानदानी बाईच्या अर्धपुतळ्यासारखी घडवलेली. तिच्या बुडाशी फिरणारी चकती आहे, ती फिरवली की बारीक भोकांतून पूड पडते. कसली पूड? मिऱ्याची. आणि काळी मिरी त्या काळी जगात कुठून जात होती? आपल्या मलबारातून. उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलँडा नावाची रोमन छावणी आहे. तिथे १९७३ पासून शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडत आल्या आहेत. त्यांतल्या एका हिशेबात एका शिपायाच्या नावावर मिरी मांडलेली आहे. कुडकुडत्या थंडीत पहारा देणारा शिपाई आणि त्याच्या ताटात केरळच्या वेलीवरचा दाणा. इंग्लंडच्या शेतात रोमन अवशेष शोधायला जावं, तर हाताला असा हिंदुस्थान लागतो.

मग उलट दिशेने काय येत होतं? प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात कुरकुरतो की, हिंदुस्थान दर वर्षी आमच्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स हे त्यांचं नाणं. आकडा त्याने फुगवला असेल, पण तक्रार खरी असावी. कारण दक्षिण भारतात रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांचे साठे ठिकठिकाणी मिळाले आहेत.

१९४४ साली व्हीलरसाहेब मद्रासच्या संग्रहालयात गेले असताना एका कपाटात त्यांना मोठ्या मातीच्या भांड्याचा तुकडा दिसला. दोन कान आणि निमुळतं बूड असलेला उंच रांजण असतो, त्याचा. भूमध्य समुद्राकाठचे लोक त्यातून दारू, तेल पाठवत. त्याला ‘अ‍ॅम्फोरा’ म्हणतात. तो तुकडा आला होता पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूहून. १९४५ मध्ये त्यांनी तिथे खोदाई केली. हाती आली ती इटलीतल्या अरेत्झो गावी तयार होणारी चकचकीत लाल भांडी. ही भांडी कधी बनत, ते युरोपात पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्याच थरातल्या आपल्या देशी मडक्यांनाही वय मिळालं. तोवर दक्षिण भारताच्या प्राचीन मडक्यांचा काळ बराचसा अंदाजाने सांगितला जाई. इटलीच्या कुंभाराने आपल्या कुंभाराची जन्मतारीख सांगितली, असं म्हणा ना.

व्हीलरसाहेबांना मात्र त्या जागेत रोमन व्यापाऱ्यांची वखार दिसली, म्हणजे रोमन आले आणि गाव उठून उभं राहिलं. १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगले यांनी तिथे पुन्हा खोदाई केली, तेव्हा दिसलं की रोमन यायच्या कितीतरी आधीपासून तिथे वस्ती होती, कारागीर होते. पाहुणा आला म्हणून घर बांधलं नव्हतं. घर होतं, म्हणून पाहुणा आला होता.

महाराष्ट्राकडे येऊ. ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना व्हीलरांच्याच हाताखाली मेडन कॅसलला खोदाई शिकले, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. १९४५-४६ मध्ये त्यांनी आणि मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केलं. याच टेकडीवर त्या सुमारास काशाच्या वस्तूंचा एक ठेवा मिळाला होता. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ती होती. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात मी ती पाहिली आहे. वीतभरही नसेल. कोल्हापूरला समुद्र नाही. सह्याद्री ओलांडून, बैलाच्या पाठीवरच्या गोणीत हा देव घाट चढून आला असणार.

ब्रह्मपुरीच्या त्या खड्ड्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर माझं मन जास्त रेंगाळतं. तळाशी सातवाहनांच्या काळातलं गाव. आणि वरच्या थरांत बहामनी काळातलं गाव. त्यांची भांडी, त्यांच्या काचेच्या बांगड्या. टेकडी तीच, नदी तीच. खाली फुटलेला रांजण, वर फुटलेली बांगडी. मातीने दोघींना सारखंच सांभाळलं.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे गाव गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभार यांचं, म्हणून आपल्याला ठाऊक असतं. पण पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका खलाशी व्यापाऱ्याने आपल्या वाटाड्या पुस्तकात ‘तगर’ म्हणून ज्या पेठेचं नाव घेतलं, ती हीच. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे. तेरमध्ये रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल मिळते, दोऱ्यात ओवायची सोय केलेली. आपल्या बायका पुतळ्यांची माळ घालतात, तसं तेव्हाच्या बायकांनी परदेशी राजाचं तोंड गळ्यात घातलं होतं. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही तिथे मिळाली. तिच्या वळणाची एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई इथे सापडली आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या घरात ती होती. ती आपल्याकडच्याच कुण्या कारागिराची. तिकडच्या मातीत आपला पाहुणा, इकडच्या मातीत तिकडचा.

तेरच्या या वस्तू जपल्या कुणी? सुरुवातीला ना सरकारने, ना विद्यापीठाने. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी. पाऊस पडून गेला की टेकाडावरची माती वाहून जाते आणि वस्तू उघड्या पडतात. लोक ज्याला खापरं म्हणून लाथाडत, ते ते वेचत राहिले. हजारो वस्तू जमल्या. आज गावातलं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. तिकडे ‘टाइम टीम’ने पडद्यावरून जे शिकवलं, ते इथे एका माणसाने कॅमेऱ्याशिवाय केलं.

पण ‘रोमन’ या शब्दाने हुरळूनही जायला नको. भारतात सापडलेल्या ज्या तुकड्यांवर पूर्वी ‘रोमन अ‍ॅम्फोरा’ अशी चिठ्ठी लावली गेली, त्यांतले पुष्कळसे रोमन नाहीतच, ते इराक-इराणकडच्या रांजणांचे आहेत, असं अलीकडच्या अभ्यासात, विशेषतः रोबर्टा टोंबर यांच्या २००८ च्या पुस्तकात, दाखवलं गेलं. म्हणजे पाहुणा एकटा रोमन नव्हता. अरबी समुद्राच्या सगळ्या काठांवरून माणसं आपल्याकडे ये-जा करत होती.

या माणसांना आपले पूर्वज ‘यवन’ म्हणत. आयोनिया या ग्रीकांच्या प्रदेशावरून हा शब्द आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. खांबांवर लेख कोरलेले आहेत. त्यांतले कित्येक खांब यवनांनी दान दिलेले आहेत. हे यवन नेमके ग्रीक, रोमन की आणखी कुणी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यांची नावं वाचावीत. सिंहध्वज, धर्म अशा वळणाची. राहणार धेनुकाकट नावाच्या इथल्याच गावचे. परक्याचं परकेपण दोन-तीन पिढ्यांत असं विरघळलं की उरला फक्त शब्द, आणि खांबाचं दान.

पुढे हाच शब्द आपल्या बखरींत आला तो मुसलमानांसाठी. शाळेत इतिहासाच्या तासाला ‘यवन’ शब्द उच्चारला गेला की वर्गातल्या दोन-चार माना माझ्याकडे वळायच्या. त्या वयात वाईट वाटायचं. फार उशिरा कळलं की अरबीतला ‘युनान’ आणि संस्कृतातला ‘यवन’ हे एकाच मुळाचे. म्हणजे आमच्या गल्लीतल्या हकीमसाहेबांच्या पाटीवरचं ‘युनानी दवाखाना’ आणि कार्ल्याच्या खांबावरचा ‘यवन’ हे सख्खे भाऊ. शब्दांनाही थर असतात. वरचाच थर बघून निकाल दिला, तर खालचं सगळं मुकं राहतं.

ब्रिटनमधल्या त्या कार्यक्रमांत मला जी गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटली, ती हीच. रोमन हे त्यांचे जेते. तलवार घेऊन आलेले. तरी आज शेतात रोमन भिंत निघाली की गावातली म्हातारी बाई चहाची किटली घेऊन खड्ड्याकाठी येते आणि ‘आमचे रोमन’ असल्यासारखी चौकशी करते. कुणी आलं, कुणी गेलं, याचा राग ती भिंतीवर काढत नाही. भिंत तिच्या गावची आहे, एवढं तिला पुरतं. आपल्याकडे अलीकडे खड्डा खणायच्या आधीच तो कुणाचा, हे ठरवायची घाई होते. पुरावा सापडायचा असतो, तो मागवायचा नसतो.

आणि खणून शोधायचं तर दूर, आपण आहे ते घालवतोय. मराठीत गावाला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, केर यांनी पांढुरकी झालेली वस्तीची माती. जुन्या ओसाड गावठाणांची टेकाडं या मातीची असतात. ही माती पिकाला चांगली, धाब्याच्या घरावर टाकायलाही चांगली. आमच्या लहानपणी ती बैलगाडीतून जायची. तिच्यातून निघालेल्या खापऱ्यांवर आम्ही लगोरी खेळायचो. गाडीभर माती गेली तर टेकाडाला फारसं कळत नसे. आता जेसीबी येतो. दोन हजार वर्षं साचलेलं टेकाड आठवड्यात सपाट होतं आणि त्या गावाचं एकुलतं एक पुस्तक न वाचताच रद्दीत जातं.

कायदा आपल्याकडेही आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर कलेक्टरांना कळवा. पण कळवलं तर जमीन जाईल, चौकशी मागे लागेल, या भीतीने सापडलेलं नाणं गुपचूप सराफाकडे जातं आणि मुशीत वितळतं. ब्रिटनने १९९७ पासून एक योजना चालवली. कुणालाही काही सापडलं तर ते जवळच्या अधिकाऱ्याला दाखवायचं, तो नोंद करतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची अशी नोंद झाली. विश्वास ठेवला की माणसं दाखवतात. त्यांचा कायदा आपल्याला जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. पण नोंद करायला कुणाची आडकाठी आहे?

एक लक्षात ठेवावं, परवान्याशिवाय खणणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तसं असणं योग्यच आहे. तेव्हा कुदळ घ्यायला मी कुणालाही सांगत नाही. पण गावच्या शाळेत एक वही ठेवता येईल. पहिल्या पावसानंतर टेकाडावर काय उघडं पडलं, कुठल्या बाजूला, कुठल्या बांधाजवळ, कोणत्या तारखेला, ते मुलांनी त्यात लिहावं. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, जागेवरच छायाचित्र घ्यावं. वस्तू हलवू नये. गुरुजींनी ती वही तालुक्याला, पुरातत्त्व खात्याला, जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवावी. आणि टेकाडाला जेसीबी लागायच्या आधी ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा की, ही माती नेण्याआधी कुणी बघितली आहे का? या पावसाळ्यात चार गावांत तरी असा प्रश्न विचारला जावा, एवढीच माझी विनंती आहे.